वर्गात खेळ शिकवायची पेटी: घ्यावी, पण सगळी वापरू नये

ही पेटी घ्यावी का, असं तालुक्यातल्या बऱ्याच शिक्षकांनी विचारलं, म्हणून निकाल आधीच सांगते. घ्या. पण आतल्या छत्तीस पाठपत्रिकांपैकी निम्म्या कपाटातच राहू द्या. प्रश्नमंजुषेचे पत्ते भेटीला येणाऱ्या साहेबांसाठी राखून ठेवा. मोजपट्टी, स्टॉपवॉच, सुतळीचा रीळ आणि कबड्डीचं फ्लेक्स मात्र सरळ मुलांच्या हातात द्या. पैसे वसूल होतात ते तिथेच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या आता बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. नाव बघून घेण्यापेक्षा आत काय आहे ते बघून घेतलेलं बरं. आमची पेटी ४,९०० रुपयांना पडली, वाहतूक धरून.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. इथे जूनमध्ये पाऊस लागला की मैदान आमचं राहत नाही. जांभ्याच्या कातळावर शेवाळ धरतं, मोठ्या माणसांचेही पाय सरकतात. कबड्डीची जागा तर सप्टेंबर संपेपर्यंत तळंच असते. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका असतात, पण शाळेला क्रीडाशिक्षक नाही. आमच्यासारख्या शाळांना तो नसतोच. मग पावसाळ्यात त्या तासिका गणित आणि भाषेत विरघळून जातात. वर्षाचा मोठा भाग असा गेल्यावर नोव्हेंबरात केंद्रस्तरीय स्पर्धांचं पत्र येतं आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते. अशा शाळेला चार भिंतींच्या आत चालणारा खेळाचा तास ही चैन नाही.

पैशाचं बोलून घेऊ. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपये मिळतात. पेटीची किंमत पाच हजारांच्या जेमतेम खाली का ठेवली आहे, हे वेगळं सांगायला नको. आमची सातवीपर्यंतची शाळा असल्याने निम्मे पैसे उरले. त्यातून व्हॉलीबॉल, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि हवा भरायचा पंप आला. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी रोखठोक विचारलं, ‘‘खेळाच्या पैशात कागद कशाला आणताय, बाई? चेंडू आणा.’’ प्रश्न रास्त होता. जी शाळा चौथीपर्यंतची आहे आणि जिच्याकडे एकही धड चेंडू नाही, तिने आधी चेंडूच आणावेत, असं माझं आजही मत आहे.

पेटीत काय आलं ते थोडक्यात: लॅमिनेट केलेल्या छत्तीस पाठपत्रिका, शिक्षक मार्गदर्शिका, तीस मीटरची मोजपट्टी, दोन स्टॉपवॉच, एक शिट्टी, सुतळी, कबड्डीच्या मैदानाचं जमिनीवर अंथरायचं फ्लेक्स, खो-खो आणि धावपट्टीचे भिंतीवर टांगायचे तक्ते, लाल-निळ्या सोंगट्या, खेळाडूंच्या माहितीचे पत्ते, स्पंजाचे चेंडू आणि लहान वर्गांसाठी हाताने थाप मारायची पाटी. पेटी पत्र्याची आहे, कडीकुलूप लागतं. कोकणात पुठ्ठ्याची पेटी एक पावसाळा काढत नाही, त्यामुळे हा मोठाच गुण.

मी सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवते. म्हणून असेल, पण मला सगळ्यात आवडल्या त्या मोजण्याच्या पत्रिका.

लांब उडीची पत्रिका साधी आहे. वर्गाच्या फरशीवर विक्रम आखा, एवढंच तिच्यात लिहिलंय. पुरुषांचा जागतिक विक्रम ८.९५ मीटर, माइक पॉवेल, टोकियो, १९९१. आमचा वर्ग आतून साडेसहा मीटर लांब. फळ्याखालच्या भिंतीला पट्टीचं टोक धरून मुलं मागे सरकत गेली, तर पट्टी मागच्या दारातून पडवीत निघाली आणि जवळजवळ अडीच मीटर बाहेर जाऊन थांबली. तिथे खडूने रेघ. वर्गात एकच गलका. ‘‘बाई, माणूस एवढा उडतो?’’ मग अंजू बॉबी जॉर्ज यांची अथेन्सची २००४ सालची ६.८३ मीटरची उडी आखली. ती उंबऱ्याबाहेर फूटभर गेली. सहावीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘म्हणजे अंजूताई पण आपल्या वर्गात मावत नाहीत.’’ फळ्यावर ६.८३ हा आकडा मी कितीही वेळा लिहिला असता, तरी हे वाक्य आलं नसतं.

पुढची पायरी मुलांनीच काढली. उंच उडीचा विक्रम काय, असं एकाने विचारलं. हाविएर सोटोमायोर, २.४५ मीटर, १९९३. पत्रिकेत हा आकडा होता, पण काय करायचं ते नव्हतं. आमच्या दाराची चौकट सात फुटांची, म्हणजे २.१३ मीटर. मुलांनी स्टुलावर चढून चौकटीच्या वर भिंतीवर खूण केली. ती खूण आजही आहे. मुख्याध्यापक सरांनी रंगाचा विषय काढला होता, पण पुसायला कुणी धजत नाही.

इथे एक सावधगिरी. पत्रिकेत ‘आता प्रत्येकाने जागेवरून उडी मारून अंतर मोजावे’ असं बिनदिक्कत लिहिलं आहे. पावसाळ्यात फरशीला ओल सुटलेली असते, मुलांचे पाय ओले असतात. गोणपाट अंथराल तर ते आणखी सरकतं. आम्ही उड्या पडवीतल्या खरखरीत कोब्यावर घेतल्या, एका वेळी एक, आणि पुढे कुणी उभं राहायचं नाही. पेटी बनवणाऱ्यांनी पावसातली शाळा पाहिलेली नसावी.

प्रतिक्रियेच्या वेळेची पत्रिका तर मी विज्ञानाच्या तासालाही घेते. एकाने फूटपट्टी वर धरायची, दुसऱ्याने खाली शून्याजवळ बोटं उघडी ठेवायची, पहिल्याने न सांगता सोडायची. वीस सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.२० सेकंद, पंधरावर पकडली तर ०.१७ च्या आसपास. मार्गदर्शिकेत तयार कोष्टक दिलंय, त्यामुळे वर्गमूळ काढत बसावं लागत नाही. खरी गंमत पुढे आहे. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी हललं तर ती चुकीची सुरुवात धरतात, कारण आवाज ऐकून माणूस इतक्या लवकर निघूच शकत नाही असं मानतात. पट्टीच्या भाषेत हे होतात जवळजवळ पाच सेंटीमीटर. आमच्या वर्गात एका पठ्ठ्याने तीन सेंटीमीटरवर पट्टी पकडून दाखवली. टाळ्या पडणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाद! त्यानं अंदाजानं धरली.’’ मग वाद. तो म्हणतो मी चपळ, बाकीचे म्हणतात तू सोडणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होतास. पुन्हा घेतली, अंगठा वहीने झाकून. एकोणीस. बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना उसेन बोल्ट आवाजानंतर ०.१४६ सेकंदाने निघाला होता, हे तेव्हा सांगितलं. त्यानंतर त्या मुलाने बोल्टशी बरोबरी करण्यासाठी घरी किती पट्ट्या पाडल्या असतील देव जाणे.

धावपट्टीचा तक्ता हा पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद आहे आणि मार्गदर्शिकेने त्याचीच माती केली आहे. चारशे मीटरच्या शर्यतीत धावपटू पुढे-मागे का उभे असतात, हा प्रश्न टीव्हीवर शर्यत बघणाऱ्या प्रत्येक मुलाला पडतो. तक्त्यावर आकडे आहेत: दुसऱ्या पट्टीतला धावपटू पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढे आणि त्यानंतर प्रत्येक पट्टीला आणखी ७.६७. मार्गदर्शिकेत फक्त ‘विद्यार्थ्यांना आकडे समजावून सांगा’. कसे, ते नाही.

सातवीला परीघ शिकवून झालेला असतो. मी आधी बाकं मध्ये ओढून त्यांच्याभोवती सुतळी फिरवली, मग हातभर बाहेरून दुसरी. दोन्ही सोडून पडवीत शेजारी शेजारी ताणल्या. बाहेरची लांब. का? कारण वळण मोठं. सरळ भाग दोघांनाही सारखाच, फरक फक्त वळणांचा, आणि दोन अर्धी वळणं मिळून एक वर्तुळ. प्रत्येक पट्टीची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे त्रिज्या तेवढ्याने वाढते. दोन गुणिले बावीस सप्तमांश गुणिले १.२२. मुलांनी वहीत केलं, ७.६७ आलं. तक्त्यावरचा आकडा आपल्या वहीत उतरलेला बघून चेहरे असे फुलले की गणिताच्या तासाला ते दृश्य दुर्मीळच.

आणि मग येणारच होता तो प्रश्न आला: ‘‘मग पहिल्या-दुसऱ्यात ७.०४ च का?’’ याचं उत्तर पेटीत कुठेही नाही. पहिल्या पट्टीला आतल्या बाजूने कठडा असतो, त्यामुळे तिचं अंतर कठड्यापासून तीस सेंटीमीटर सोडून मोजतात. बाकीच्या पट्ट्यांचं आतल्या रेघेपासून वीस सेंटीमीटरवर. म्हणजे पहिल्या दोघांच्या त्रिज्येतला फरक १.२२ नाही, १.१२ आहे. करून बघा, ७.०४ येतं. हे माहीत नसलेला शिक्षक त्या प्रश्नाला अडकेल आणि ‘छपाईची चूक असेल’ म्हणून मोकळा होईल. चार ओळी छापायला कंपनीचं काय जात होतं?

कबड्डीचं फ्लेक्स. तेरा बाय दहा मीटरच्या मैदानाची पाव आकाराची प्रतिकृती, सव्वातीन बाय अडीच मीटर. बाकं भिंतीला लावली की आमच्या वर्गात बसते. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, दोन्ही कडांचं राखीव क्षेत्र (लॉबी), सगळं ठसठशीत. त्यावर दोन्ही संघांच्या सात-सात सोंगट्या आणि सोबत प्रसंगांचे पत्ते. पत्ता वाचायचा, सोंगट्या मांडायच्या, निर्णय द्यायचा.

कोकणात कबड्डी मुलांना शिकवावी लागत नाही. चालता येऊ लागलं की पकड येते. पण नियम विचाराल तर प्रत्येक वाडीचे वेगळे, आणि भांडणाचा निकाल ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने. त्यामुळे या पत्त्यांनी वर्ग ढवळून निघाला. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, समोर पाच जण आहेत, गुण किती? सगळे ओरडले, एक. नाही. बोनससाठी समोर निदान सहा जण लागतात. बचावात तिघेच उरलेत आणि त्यांनी पकड केली, गुण किती? दोन, एक पकडीचा, एक वरचा. झटापट न होताच चढाईपटूचा पाय राखीव क्षेत्रात पडला? बाद. यातला शेवटचा पत्ता आला तेव्हा दोन वाड्यांमधली जुनी धुसफूस वर आली. गणपतीतल्या सामन्यात म्हणे असंच झालं होतं आणि तेव्हा गुण दिला गेला होता.

मी प्रत्येक वेळी एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच आणि एक गुणलेखक नेमते. तीस सेकंदांची चढाई स्टॉपवॉचवर. पत्ता वाचल्यावर सरपंचाने नियम सांगून निर्णय द्यायचा. नुसतं ‘बाद’ म्हटलेलं चालत नाही, का ते सांगायचं. एका मुलाच्या पायात जन्मापासून अधूपणा आहे. मैदानावर तो कडेला बसून चपला राखायचा. इथे तो गुणलेखक झाला आणि आता ती जागा सोडायला तयार नाही. इतर कुणी गुणफलक धरला तर त्याचं बारीक लक्ष असतं आणि चूक सापडली की तिथल्या तिथे सांगतो. मैदान सुकल्यावर खऱ्या सामन्यातही गुण तोच लिहितो. माझ्या मते पेटीचं सगळ्यात चांगलं काम हे. खेळणाऱ्यांचा खेळ तिने सुधारला असं मी म्हणणार नाही, ते काम मैदानाचं. पण भांडणं बदलली. आधी ‘मी नाही बाद’ एवढ्यावर सुरू होऊन घरापर्यंत जायची, आता ‘पाच होते, बोनस कसला?’ असं बोलतात.

आणि याच फ्लेक्सवर पेटीची सगळ्यात मोठी चूक आहे. त्यावर एकच मैदान छापलंय, पुरुषांचं. महिलांचं मैदान बारा बाय आठ मीटरचं असतं, डाव वीसऐवजी पंधरा मिनिटांचा. फ्लेक्सवर नाही, मार्गदर्शिकेत नाही, पत्त्यांवरही नाही. टीव्हीवर बघितलेलं आठवून एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, मुलींचं मैदान लहान असतं ना? मग आमचं कुठं हाय?’’ आमच्या शाळेत कबड्डीच्या संघात मुलीच जास्त आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात माल विकायचा आणि मुलींचं मैदान छापायचं नाही, हे मला पटलं नाही. आम्ही रंगीत चिकटपट्टीने आतल्या बाजूने दुसऱ्या रेघा मारल्या. चिकटपट्टी उचलते, दर महिन्याला नवी लावावी लागते.

खो-खोचा भाग फसला आहे. तक्ता छान आहे: आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले, एक पाठलागावर, पळतीला तिघांची तुकडी, दोन खांब. माहितीही ताजी आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले तिथपासून जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकापर्यंत. त्यात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. मुलांनी हे आनंदाने ऐकलं. पण त्यानंतर पत्रिका सांगते की बाकांच्या रांगांमध्ये मुलांना बसवून ‘खो’ देण्याचा सराव घ्या. खो-खो म्हणजे दिशा घेतली की मागे वळता न येणं, दम, हुलकावणी, खांबाशी सूर. बाकांच्या दीड फुटी गल्लीत यातलं काय होणार? अंथरुणावर पोहायला शिकवण्यातला प्रकार आहे. दोन गुडघे सोलवटले, तास संपला. त्या पत्रिका मी बांधून ठेवल्या आहेत.

खेळाडूंचे पत्ते. चाळीसपैकी निम्म्याच्या आसपास क्रिकेटवाले. त्यांची नावं मुलांना झोपेतही पाठ असतात, त्यांच्यासाठी पत्ते छापायची गरज नव्हती. उरलेल्यांत चांगले पत्ते आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा पत्ता मला आवडला, कारण त्याच्या मागे कृती दिली आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली त्याने ५० मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींतून नेम धरायचा असतो. मुलांनी केरसुणीचा दांडा खांद्याला लावून तिन्ही स्थितींत एक-एक मिनिट स्थिर राहायचं, दांड्यावर एक रुपयाचं नाणं. उभ्या स्थितीत नाणी टपाटप पडली. नेमबाजी म्हणजे नुसतं उभं राहणं, हा गैरसमज नाण्यांबरोबरच पडला.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या पत्त्यावर ३,००० मीटर स्टीपलचेसमधले अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या मोजून दाखवल्यात, अडथळ्याची उंचीही आहे, ९१.४ सेंटीमीटर. मुलांनी लगेच बाकाशी ताडून पाहिली. बाक त्याहून वीतभर बुटका निघाला, आणि तो ओलांडतानाच दोघांची चड्डी उसवली. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर हिचा पत्ता मात्र नाही. ती याच शर्यतीत २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. साबळेच्या शेजारी तिचं नाव सहज बसलं असतं.

खाशाबा जाधवांच्या पत्त्यावर हेलसिंकी, १९५२, कांस्य हे सगळं बरोबर, आणि जन्मगाव मात्र कोल्हापूर छापलंय. खरं जन्मगाव कराडजवळचं गोळेश्वर. राज्य त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, क्रीडादिन साजरा करतं. त्यांच्याच पत्त्यावर ही चूक शोभत नाही. कोल्हापूरचा संबंध आहे, पण शिक्षणाचा. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासाला सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट पत्त्यावर हवी होती. मी ती सांगते तेव्हा वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘‘घर सुटलं का परत?’’ अपंग खेळाडूंचा पत्ता एकही नाही. १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवणारे मुरलीकांत पेटकर इस्लामपूरकडचे. तो पत्ता आम्ही पोस्टकार्डावर हाताने बनवला. अक्षर आमच्या गुणलेखकाचं.

प्रश्नमंजुषेबद्दल एवढंच: ‘हॉकीच्या संघात किती खेळाडू असतात’ छापाचे दीडशे प्रश्न आहेत. पाठ होतात, विसरले जातात. साहेब आले की उपयोगी.

लहान वर्गांसाठी थाप मारायची पाटी मात्र चांगली. दोन चकत्या, मध्ये एका हाताचा आधार, दुसऱ्या हाताने चकत्यांवर आळीपाळीने थापा, अशा पंचवीस फेऱ्या. पहिली ते तिसरीच्या खेलो इंडिया तंदुरुस्ती चाचणीत वजन-उंची आणि एका पायावर तोल सांभाळणं यांच्याबरोबर हीच असते. त्यामुळे चाचणीचं काम वर्गातच उरकतं आणि पोरं ‘पुन्हा, पुन्हा’ करत रांगेत उभी राहतात. चौथीपासून पुढच्या चाचणीत ५० आणि ६०० मीटर धावणं आहे. ते या पेटीने होईल असं विक्रेता सांगत असेल तर हसून सोडून द्या. नाडी मोजायची पत्रिकाही घ्या: पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, बसून, मग पडवीच्या पायरीवर चढ-उतर करून. हृदयाबद्दल शिकवायचा तास यानंतर निराळाच होतो.

प्रत्येक पत्रिकेवर चित्रफितीचा क्यूआर कोड आहे. आमच्या शाळेत रेंज खिडकीच्या एका कोपऱ्यात येते, तीही वारा नसेल तर. मी देवरुखला गेले की फिती उतरवून आणते आणि वर्गातल्या टीव्हीवर लावते, वीज असली तर. चौदा-पंधरा बघितल्या. कबड्डीच्या निर्णयांच्या तीन चांगल्या आहेत, बाकी जाहिरात. पेनड्राइव्ह मागितला तर वेगळे पैसे सांगितले.

सेवेबद्दल. मागणी फोनवर दिली, पेटी एसटीच्या पार्सलने आली. एक स्टॉपवॉच बंद निघालं. बदलून दिलं, पण आठवण करून करून. दिवाळीची सुट्टी मध्ये गेली. मोजपट्टी कापडी आहे, ओल लागली की ताणते. महिन्याभराने पोलादी पट्टीशी ताडून पाहा, विशेषतः विक्रम मोजणार असाल तर. विक्रेत्याने सुरुवातीलाच ‘तीन दरपत्रकं आम्हीच पाठवतो, तुम्ही फक्त सही करा’ असं प्रेमाने सुचवलं होतं. मुख्याध्यापक सरांनी तितक्याच प्रेमाने नको म्हटलं आणि आम्ही रत्नागिरी-चिपळूणहून खरी दरपत्रकं मागवली. त्यात दोनशे रुपये कमीच झाले. लेखापरीक्षणाच्या वेळी याचा फायदा होईल तो वेगळाच. जीएसटीचं पक्कं बिल शाळेच्या नावे मागा. आमचं पहिलं बिल माझ्या नावावर आलं होतं.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नसतील त्यांनी पोलादी मोजपट्टी, दोन बरी स्टॉपवॉच, सुतळी आणि रंगीत चिकटपट्टी घ्यावी. दीड हजारात होईल. कबड्डीचं मैदान फरशीवर खडूने आखा, सोंगट्यांऐवजी चिंचोके आणि बाटल्यांची बुचं. प्रसंगांचे पत्ते मात्र बसून लिहावे लागतील आणि त्यासाठी नियम नीट माहीत असलेला माणूस लागेल. तालुक्यात कबड्डीचे पंच भरपूर आहेत, एका शनिवारी चहावर बोलावले तर आनंदाने येतात. सांभाळा, मुलांपेक्षा जास्त भांडतात.

कंपनी आता ‘दुसऱ्या वर्षाचा संच’ म्हणून नवे पत्ते अकराशे रुपयांना देते आहे. मी मागवलेले नाहीत. मुलींच्या मैदानाचं आणि गोळेश्वरचं मी त्यांना लेखी कळवलं. पुढच्या छपाईत दुरुस्त करू, असं उत्तर आलं. तुम्ही मागणी देणार असाल तर आधी फोनवर फ्लेक्सचा फोटो मागवा, आणि त्यात बारा बाय आठच्या रेघा दिसल्या तरच पैसे पाठवा.